बाळंतविड्यातले लंगोट आणि हजरतगंजची गच्ची

लखनौत राहणाऱ्या मराठी घरात बाळ येणार असलं की माहेरहून बाळंतविडा येतोच. झबली, टोपरी, कुंची, दुपटी आणि जुन्या मऊ धोतराचे नाहीतर नऊवारीचे शिवलेले लंगोट. दवाखान्यात न्यायच्या पिशवीत मात्र डिस्पोजेबल डायपरचं पाकीट जातं आणि पुढे दोन-अडीच वर्षं तेच चालू राहतं. हजरतगंजच्या भर वस्तीत, दुकानांच्या वरच्या मजल्यावर किंवा फ्लॅटमध्ये राहणाऱ्या आईबापांना कापडी लंगोट वापरावेसे वाटतात, पण धीर होत नाही. कुठला घ्यावा याची चर्चा भरपूर होते. माझ्या मते तो प्रश्न दुय्यम आहे. लंगोट धुणार कोण आणि वाळणार कुठे, हे घरात आधी ठरलं तर बाकीचं सगळं जमतं.

डायपर आला कुठून

अमेरिकेत मॅरियन डोनोव्हन या बाईंनी १९४६ च्या सुमारास न्हाणीघराच्या पडद्याचं कापड कापून लंगोटावर चढवायचं जलरोधक कव्हर शिवलं. आतला लंगोट कापडीच होता. बिछाना ओला होऊ नये एवढाच हेतू. आज कापडी डायपरबरोबर जे कव्हर मिळतं, त्याची कल्पना तीच आहे. वापरून फेकायचा डायपर पुढे १९६१ मध्ये पॅम्पर्स या नावाने बाजारात आला. तेव्हा त्यात कागदाच्या लगद्याचे थर असत आणि तो बराच जाड होता. १९८० च्या दशकात सोडियम पॉलिॲक्रिलेटची भुकटी आत आली आणि डायपर सडपातळ झाला. ही भुकटी लघवी शोषून तिचा जेलीसारखा गोळा करते. लघवीतल्या क्षारांमुळे तिची ताकद शुद्ध पाण्यापेक्षा बरीच घटते, तरी आपल्या वजनाच्या साधारण ३० पट ओल ती धरून ठेवते. रात्रभर बाळ कोरडं राहतं ते यामुळेच. ही सोय खरी आहे आणि ती नाकारून कापडी लंगोटाची बाजू मांडण्यात अर्थ नाही.

फेकल्यावर काय होतं

डायपर पाचशे वर्षं कुजत नाही, असा आकडा सगळीकडे फिरतो. डायपरच जेमतेम साठ-पासष्ट वर्षांचा आहे, त्यामुळे हा आकडा कुणी मोजून काढलेला नाही आणि तो मी वापरत नाही. आतला लगदा सोडला तर बाहेरचं आवरण, चिकटपट्ट्या, रबर आणि ती भुकटी हे सगळं प्लास्टिकच्या कुळातलं आहे, एवढं कळलं तरी पुरे. शिवाय आत बाळाची शी असते. भंगारवाला तो घेत नाही आणि खतातही तो जात नाही.

लखनौचा कचरा मोहन रोडकडच्या शिवरी इथल्या प्रकल्पात जातो. तिथे वर्षानुवर्षं साठलेले ढीग उपसण्याचं मोठं काम नगर निगमला हाती घ्यावं लागलं. पण ढिगाच्या कितीतरी आधी डायपरला माणसाचा हात लागतो. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुडकं वर्गीकरणाच्या टेबलावर येतं, आत काय आहे ते बाहेरून कळत नाही, आणि कचरावेचक बाई ते उघडते.

या हातांची बाजू पुण्यात फार ठामपणे मांडली गेली. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना १९९३ ची. तिच्यातूनच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था उभी राहिली आणि २००८ पासून ती पुणे महापालिकेबरोबर घरोघरचा कचरा गोळा करते. २०१३ मध्ये या बायकांनी वापरलेल्या सॅनिटरी नॅपकिनच्या पिशव्या भरून थेट ते बनवणाऱ्या कंपन्यांना परत पाठवल्या. तुम्ही बनवता, आम्ही हाताने उचलतो, तर जबाबदारी तुम्हीही घ्या, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. डायपरला ते शब्दशः लागू आहे. २०१६ च्या घनकचरा नियमांनी डायपरला सॅनिटरी कचरा म्हटलं, तो नीट गुंडाळून देणं घरावर बंधनकारक केलं आणि त्यासाठी पाकिटं पुरवण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. २०२६ च्या नव्या नियमांत ओला, सुका आणि विशेष काळजीचा कचरा यांच्याबरोबर सॅनिटरी कचऱ्याचा कप्पा वेगळा झाला आहे.

म्हणून डिस्पोजेबल वापरणार असाल तर निदान एवढं करा: शी संडासात टाका, डायपर गुंडाळून त्याच्याच पट्टीने बंद करा, कागदात बांधा आणि वर लाल पेनाने मोठा ठिपका काढा. त्या ठिपक्यामुळे पुडकं न उघडता बाजूला ठेवता येतं.

कापड खरंच हिरवं आहे का

कापड म्हणजे आपोआप पर्यावरणस्नेही, असं नाही. ब्रिटनच्या सरकारी संस्थांनी याचा बारकाईने हिशेब केला आहे. २००८ च्या अहवालात एका बाळाच्या अडीच वर्षांचं कार्बन उत्सर्जन डिस्पोजेबलने सुमारे ५५० किलो आणि कापडी लंगोटांनी सरासरी ५७० किलो भरलं. म्हणजे फरक जवळपास नाहीच. पण सरासरीच्या आत पाहिलं की गंमत कळते. मशीन भरून धुतलं, दोरीवर वाळवलं आणि तेच लंगोट दुसऱ्या बाळाला वापरले तर कापडाचं उत्सर्जन सुमारे ४० टक्क्यांनी उतरलं. ड्रायरमध्ये वाळवलं आणि वर इस्त्री केली, तर ते डिस्पोजेबलपेक्षा बरंच वर गेलं. पुढे २०२३ मध्ये हाच अभ्यास नव्या आकड्यांनी झाला तेव्हा कापडी डायपर सुमारे २५ टक्क्यांनी उजवे ठरले.

कारण सोपं आहे. डिस्पोजेबलचा मोठा भार कारखान्यात पडतो आणि कापडाचा धुण्यावाळवण्याच्या विजेवर. आपल्याकडे विजेचा मोठा वाटा अजून कोळशातून येतो, त्यामुळे विजेवर वाळवलेला लंगोट आपल्याकडे आणखीच महागात पडतो. उलट आपल्याकडे ऊन आहे, दोरी आहे, आणि लहान दिराच्या मुलापर्यंत लंगोट पोचवण्याची रीतही आहे. ब्रिटनच्या अहवालात जे खास काळजी घेणाऱ्या घराचं चित्र आहे, ते आपल्याकडे सहज जमण्यासारखं आहे.

काय काय मिळतं

आजीच्या पद्धतीचा बंद लावलेला त्रिकोणी लंगोट पहिल्या महिन्यात उत्तम. नाळ पडायची असते, तेव्हा तो बेंबीच्या खाली बांधता येतो. लहानग्याची शू थोडी पण वारंवार असते आणि लंगोट ओला झालेला लगेच दिसतो. त्याचा आणखी एक फायदा फारसा कुणी सांगत नाही. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर अंगावर पिणारं बाळ चोवीस तासांत सहा किंवा अधिक वेळा शू करत असेल तर दूध पुरतंय असं डॉक्टर मानतात. डिस्पोजेबलमध्ये ही मोजणी अवघड, लंगोटात ती आपोआप होते.

नव्या पद्धतीच्या डायपरमध्ये बाहेर पॉलियुरेथेनचा पातळ थर दिलेलं जलरोधक कव्हर असतं, पुढे टिचबटणांच्या रांगा असतात आणि बाळ वाढेल तशी मापं बदलतात. आत शोषून घेणारी गादी असते. कुठे ती खिशात सरकवायची असते, कुठे शिवलेलीच येते, कुठे नुसती वर ठेवायची असते. मुंबईच्या पल्लवी उटगी यांनी सुरू केलेला सुपरबॉटम्स हा ब्रँड या प्रकारातलं आपल्याकडचं ठळक नाव. कव्हरचा तो थर प्लास्टिकचाच आहे, हे माहीत असावं; फरक इतकाच की तो शेकडो वेळा वापरला जातो. गादी मायक्रोफायबरची असेल तर ती थेट कातडीला लावू नये, त्वचा कोरडी पडते. सुती, बांबूची किंवा तागाची गादी नवी असताना नीट शोषत नाही, चार-पाचदा धुतल्यावर ती खुलते. पहिल्याच दिवशी गळलं म्हणून कपाटात टाकू नका.

चौकोनी मलमल, माझी निवड

हजरतगंजच्या हवेसाठी मला सगळ्यांत पटलेला प्रकार सर्वांत साधा आहे: मऊ सुती कापडाचा एकपदरी किंवा दुपदरी चौकोन, साधारण ७० सेंटिमीटरचा, आणि त्यावर कव्हर. गंजमधल्या जनपथ मार्केटात किंवा अमीनाबादेत मलमल मीटरवर मिळते. चिकनकामासाठी जी तनज़ेब वापरतात ती यासाठी फार झिरझिरीत, तिच्यापेक्षा थोडी भरीव घ्यावी. कडा शिंप्याकडून दुमडून घेतल्या की झालं.

घडी अशी घालायची. चौकोन मधोमध दुमडा, पुन्हा आडवा दुमडा. चार पदरी लहान चौकोन होतो आणि चारही मोकळी टोकं एका कोपऱ्यात येतात. त्यातलं सगळ्यांत वरचं टोक उचलून बाजूला ओढा. वर त्रिकोण पसरतो, खाली चौकोन राहतो. आता सगळं पालथं करा आणि वर आलेल्या चौकोनाच्या बाजूची पट्टी गुंडाळत गुंडाळत त्रिकोणाच्या मध्यावर आणा. जिथे शू होते नेमकी तिथे जाड गादी आणि दोन्ही बाजूंना कमरेला गुंडाळायला पातळ पंख. बाळाला वर ठेवून मधली पट्टी पुढे घ्या, पंख आवळा, वरून कव्हर लावा. मुलाच्या बाबतीत पट्टीचं पुढचं टोक थोडं आत दुमडलं की पुढे जाडी मिळते. दोन दिवसांत हाताला सवय होते.

या चौकोनाचा मोठा गुण धुताना कळतो. तो पूर्ण उलगडतो, मळ कुठे अडकत नाही, आणि वाळताना तो फक्त एक पातळ फडकं असतो. सहा पदरी शिवलेली गादी दिवसभर दमट राहते तिथे हा दुपारपर्यंत हातात येतो. असे तीस चौकोन आणि पाच-सहा कव्हरं पुरतात, कारण कव्हरला शी लागली नसेल तर ते पुसून दोन-तीनदा वापरता येतं.

धुणं

नुसत्या आईच्या दुधावरच्या बाळाची शी पाण्यात विरघळते, ती सरळ धुऊन जाते. सहाव्या महिन्यानंतर वरण-भात सुरू झाला की आधी ती संडासात झटकावी लागते. आत पातळ वापरून टाकायचा कागद किंवा धुता येणारं फ्लीसचं फडकं घातलं तर काम सोपं होतं. नंतर हँडशॉवरने किंवा नळाखाली लगेच खंगाळून घ्यायचं.

ओले लंगोट बादलीत रात्रभर भिजत ठेवण्याची जुनी सवय सोडून द्यावी. वास वाढतो, कव्हरचं रबर खराब होतं, आणि मुख्य म्हणजे रांगत्या बाळाच्या घरात पाण्याने भरलेली बादली हा जिवाला धोका आहे. टपभर पाणी लागत नाही, थोडंसंही पुरतं. खंगाळलेले लंगोट भोकं असलेल्या टोपलीत तसेच ठेवायचे आणि एक दिवसाआड मशीन लावायचं. आधी नुसत्या पाण्याची छोटी फेरी, मग पावडर घालून मोठी, शक्यतो कोमट किंवा गरम पाण्याची, मग भरपूर खळबळणं. सुती चौकोन अधूनमधून उकळत्या पाण्यातूनही काढता येतात. कव्हर मात्र उकळू नये, ६० अंश ही त्याची हद्द.

लखनौत बोअरवेलचं पाणी असलेल्या घरात क्षार जास्त असतात. जड पाण्यात साबणाची वडी वापरली की पांढरट साका तयार होतो, तो धाग्यांत बसतो, लंगोट कडक होतो आणि शोषणं थांबतं. म्हणून इथे वडीऐवजी साधी, फार वासाची नसलेली डिटर्जंट पावडर बरी. कपडे मऊ करणारं द्रव लंगोटाला कधीच नको. ते धाग्यावर मेणचट थर चढवतं. रिठ्याबद्दल मला आदर आहे, रेशमी साडीला तो उत्तम, पण शी लागलेल्या लंगोटाला त्याची ताकद पुरत नाही. धुतलेला लंगोट ओला होताच अमोनियाचा भपकारा येत असेल तर पावडर कमी पडते आहे किंवा जुना साबण आत अडकला आहे. पावडर न घालता गरम पाण्याच्या दोन-तीन फेऱ्या काढा आणि पाणी फेसाळतंय का ते पाहा.

लखनौचं हवामान

वाळवण्याचं वेळापत्रक इथे वर्षातून तीनदा बदलतं.

एप्रिल ते जून काही प्रश्नच नाही. लू वाहत असते, पारा चाळिशीपार, मलमलीचे चौकोन तासाभरात कुरकुरीत. पिवळे डाग ओल्या कापडावर ऊन पडलं की आपोआप उडतात, ब्लीच लागत नाही. दोन गोष्टींची काळजी मात्र घ्यावी. कव्हरं सावलीत वाळवायची, नाहीतर रबर लवकर सैल पडतं. आणि आकाश पिवळट झालं की दोरी रिकामी करायची, कारण आँधी आली की बारीक धूळ कापडात शिरते आणि सगळं पुन्हा धुवावं लागतं. गच्चीवर माकडांचा वावर असेल तर मजबूत चिमटे लावा.

पावसाळ्यात हवा दमट. घरात पंख्याखाली, दोन दोऱ्यांमध्ये हातभर अंतर ठेवून वाळवावं. जाड गाद्या या दिवसांत बाजूला ठेवलेल्याच बऱ्या.

खरी परीक्षा डिसेंबरच्या अखेरीपासून जानेवारी संपेपर्यंत. धुकं दुपारपर्यंत उतरत नाही, काही दिवस तर सूर्य दिसतच नाही, आणि बाळाला थंडीत शू जास्त होते. महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला या थंडीची कल्पना नसते. या पाच-सहा आठवड्यांत मी सरळ मिश्र पद्धत सुचवते: दिवसा चौकोन, रात्री डिस्पोजेबल. ब्लोअरसमोर लंगोट वाळत टाकू नका; कव्हर वितळतं आणि आगीचं भय असतं. मशीनमध्ये जास्तीत जास्त पिळून, जिथे हवा खेळते त्या खोलीत स्टँडवर टाकावं. हात लावल्यावर कापड गार लागतंय की ओलं, हे थंडीत कळत नाही; गालाला लावून पाहिलं की समजतं. किंचित ओलं असेल तर बाळाला बांधू नये.

पुरळ

कापडाने पुरळ येत नाही आणि डिस्पोजेबलने येतंच, असं दोन्हीकडे नाही. ओल आणि शी कातडीला किती वेळ लागून राहते, त्यावर सगळं अवलंबून. कापडात दर दोन-तीन तासांनी बदलावंच लागतं, शी झाली तर लगेच. दिवसातून थोडा वेळ बाळाला दुपट्यावर उघडं ठेवा. लखनौच्या हिवाळ्यात दुपारचं ऊन आलं तर तीच वेळ साधा. टाल्कम पावडर लावू नये, ती श्वासातून आत जाते. झिंकचं मलम लावलं तर मध्ये पातळ फडकं ठेवा, कारण मलम लंगोटाला लागलं की ते कापड पुढे शोषत नाही. लालसर चट्ट्याच्या कडेने बारीक पुटकुळ्या दिसल्या, किंवा दोन-तीन दिवसांत उतार पडला नाही, तर बुरशी असू शकते. तेव्हा घरगुती उपाय थांबवून डॉक्टरांना दाखवावं. आपल्या झाशीशी नातं सांगणाऱ्या वीरांगना झलकारीबाईंच्या नावाचं स्त्रियांचं सरकारी रुग्णालय हजरतगंजातच आहे.

पैसे

डिस्पोजेबल नगाला १० रुपये धरा आणि दिवसाला सरासरी सहा. अडीच वर्षांत साडेपाच हजारांच्या आसपास नग, म्हणजे ५५ हजार रुपये. तीस चौकोन आणि सहा कव्हरं मिळून पाच-सहा हजारांत बसतात. पावडर, पाणी आणि वीज वेगळी. सगळे शिवलेले तयार डायपर घेतले तर खर्च दुप्पट होतो, तरीही तो डिस्पोजेबलच्या बराच खाली राहतो. एकदम चोवीस नगांचा संच मात्र घेऊ नये. दोन-तीन प्रकारांचा एकेक आणून पाहा, कारण मांड्यांची जाडी प्रत्येक बाळाची वेगळी आणि गळती तिथूनच होते.

हे काम कुणाचं

वरच्या हिशेबात एक खर्च धरलेला नाही, तो म्हणजे बाईचा वेळ. पूर्वी लंगोट धुतले जायचे ते आजी, आत्या, मावशी आणि बहुतेक घरांत एखादी गडीण यांच्या हातांनी. हजरतगंजातल्या दोघांच्या घरात ते सगळं बाळंतिणीच्या अंगावर पडणार असेल, तर मी कापडी लंगोटाचा आग्रह धरणार नाही. टाके ओले आहेत, झोप नाही, दर दोन तासांनी अंगावर घ्यायचं आहे. अशा बाईला पर्यावरणाच्या नावाने आणखी एक धुणं देणं अन्याय आहे. बाळाच्या बाबांनी खंगाळणं आणि मशीन लावणं पहिल्या दिवसापासून स्वतःकडे घ्यावं. ‘मदत’ म्हणून नको, त्यांचं काम म्हणून. कामाला येणाऱ्या दीदींना लंगोट धुवायला द्यायचे असतील तर शी घरच्या माणसाने आधी काढावी, हातमोजे द्यावेत आणि या कामाचे पैसे वेगळे बोलून ठरवावेत.

प्रवास, पाळणाघर, रात्र

पुष्पक एक्स्प्रेसने लखनौहून मुंबईला जायचं तर रात्र आणि दिवस मिळून चोवीस तासांच्या आसपासचा प्रवास. तिथे डिस्पोजेबल वापरा, मनाला लावून घेऊ नका. पाळणाघरात आधीच विचारा. टिचबटणांचा तयार डायपर आणि चेन असलेली जलरोधक पिशवी दिली तर काही ठिकाणी तयार होतात. रात्री कापडच हवं असेल तर चौकोनात तागाची एक जादा पट्टी घाला.

लंगोट सुटताना

बाळ मान धरू लागलं की आपल्या आज्या पाय लांब करून दोन्ही पावलांच्या मध्ये त्याला बसवतात आणि ‘शूऽऽ’ करतात. लखनौच्या घरांतही हे चालतं. उठल्यावर, दूध प्यायल्यावर, अंघोळीआधी, अशा तीन-चार ठरलेल्या वेळा साधल्या तरी दिवसाचे दोन-तीन लंगोट वाचतात. कापडातल्या बाळाला ओल जाणवते, त्यामुळे तेही लवकर खूण करू लागतं. जबरदस्ती मात्र नको. बाळ पाठीची कमान करून रडलं तर उचलून घ्यावं.

दुसऱ्या बाळासाठी ठेवायचे लंगोट धुऊन, कडक वाळवून, सुती पिशवीत ठेवावेत. प्लास्टिकमध्ये लखनौचा पावसाळा त्यांना बुरशी आणतो. जुनी कव्हरं कुणाकडून घेत असाल तर दोन गोष्टी पाहा. आतला थर कापडापासून सुटून फुगे आले असतील तर ते कव्हर गळणार, घेऊ नका. मांडीचं रबर फक्त सैल झालं असेल तर अमीनाबादेतला कुठलाही शिंपी ते बदलून देतो.